बालवाडीत आधी खेळ की आधी अक्षरं?

खानापूरकर: आमच्या बेळगाव सीमाभागात साडेतीन वर्षांच्या पोरांना चाररेघी वहीत एबीसीडी गिरवायला बसवतात. पेन्सिल अजून मुठीत धरतात, बोटं दुखून रडकुंडीला येतात, तरी पान भरायलाच हवं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि खेळातून, कृतीतून शिकवा म्हटलंय. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात पानं, बिया, शंख-शिंपले वापरून बालवाडी चालवली. तेव्हा खेळातून शिकवणं हे पैसेवाल्यांचं खूळ नव्हे. ‘ग्लोबल’ शाळेच्या भिंतीवर आयफेल टॉवर रंगवून पोराला जग कळत नाही. त्यापेक्षा शेजारच्या कन्नड अज्जीच्या अळगुळी मणेसमोर, म्हणजे खळग्यांच्या खेळाच्या पाटासमोर बसवा. चौदा खळगे, त्यात चिंचोके. एका खळग्यातले उचलायचे आणि पुढं एकेक टाकत जायचं. बोटांना वळण लागतं, मोजणी येते, आपली पाळी येईपर्यंत थांबायला जमतं. असाच खेळ घानात ओवारे नावानं खेळतात. तो देश नकाशात दाखवा.

निपाणीचा पालक: दादा, बायको तंबाखूच्या वखारीत, मी ट्रकवर. घरी अभ्यास कोण घेणार? गल्लीत पोरगं दिवसभर खेळतंच. शाळेतही खेळच, तर अक्षर त्याला भेटणार कुठं? ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत त्यांची पोरं खेळत खेळत वाचायला लागतील, आमची मागं पडतील. थोरल्याला पहिलीला घेताना शाळेनं आधी वाचून दाखवायला लावलं होतं. तेव्हा धोरण कुणी विचारलं नाही.

खानापूरकर: ते बेकायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं प्रवेशाच्या वेळी अशी चाळणी लावायला बंदी केलीय. लेखी तक्रार करा.

निपाणीचा पालक: आणि मग पोर त्याच शाळेत ठेवू?

अंगणवाडी ताई, चिकोडी: खेळ म्हणजे पोरं मोकळी सोडणं नव्हे. चिंचोके वाटले की मी जवळ बसून विचारते, ‘तुझ्याकडं जास्त की तिच्याकडं? किती दिलेस की सारखे होतील?’ मराठी-कन्नड पोरं शेजारी बसून एकमेकांची मोजणी आपोआप उचलतात. पण त्यासाठी बाईला पोरांजवळ बसायला मिळालं पाहिजे. आहार, वजनं, मोबाईलवर माहिती भरणं, यातच आमची सकाळ सरते.

शहापूरचा शिक्षक: मी पालकांच्या बाजूनं. पाचव्या वर्षी अक्षरओळख करून दिली तर काय बिघडलं? रोज गोष्ट मोठ्यानं वाचा, पुस्तक हाताळू द्या, स्वतःचं नाव ओळखता येऊ द्या. खेळाच्या नावाखाली पुस्तकं कपाटात ठेवणारी बालवाडी मला पटत नाही.

खानापूरकर: सर, माझा विरोध पुस्तकाला नाही, साडेतीन वर्षांच्या पोराला गिरवायला लावण्याला आहे. निपाणीच्या दादांची भीती खरी आहे, म्हणून तर हे शिक्षण फीवाल्या शाळांच्या आधी अंगणवाडीत यायला हवं. ताईंच्या डोक्यावरचं माहिती भरायचं काम काढा, गोष्टींची पुस्तकं मराठीतही द्या.

निपाणीचा पालक: ते होईस्तोवर माझं पोरगं चौथीत जाईल. यंदा मी वहीवालीच शाळा बघणार.