धागा: फ्रान्सच्या पांढऱ्या रस्त्यांवर सायकल – तुमचे अनुभव लिहा

मंडळी, काल लिमोजच्या पूर्वेला क्रोझ जिल्ह्यात ८२ किमी फिरून आले. चार तासांत मोजून अकरा गाड्या भेटल्या. त्यात दोन ट्रॅक्टर आणि टपालाची एक पिवळी व्हॅन.

मी मूळची राजापूरची, नोकरीमुळे सात वर्षं इथे. पुण्यात असताना सिंहगडाकडे पहाटे साडेपाचला निघायचे, कारण साडेसातनंतर पाठीशी हॉर्न सुरू व्हायचे. इथे पहिल्यांदा माझ्याच सायकलच्या साखळीची कुरकुर ऐकू आली, आणि तिला तेल हवंय हे कळलं.

ही शांतता येते कुठून, यावर मी बराच विचार केला आहे. फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी गावं. प्रत्येक गाव शेजारच्या चार-पाच गावांना डांबरी रस्त्याने जोडलेलं आहे. मोठी वाहतूक मोटारवेवर आणि राष्ट्रीय रस्त्यांवर जाते, मधलं जाळं मोकळं राहतं. मिशलँच्या १ सेंमीला २ किमीच्या नकाशात हे बारके रस्ते पांढऱ्या रेघांनी दाखवतात. लाल टाळा, पिवळा नाइलाज म्हणून घ्या, पांढरा शोधा.

पण दुसरं कारणही आहे. क्रोझचे गवंडी एकोणिसाव्या शतकात दर वसंतात पॅरिस बांधायला जायचे. पुढे पुष्कळजण तिकडेच राहिले. आज अख्ख्या जिल्ह्यात सव्वा लाखही लोक नाहीत. बंद शाळा, कुलूप लागलेलं कॅफे, आणि चौकातल्या स्मारकावर १९१४-१८ मध्ये गेलेल्यांची यादी. कधीकधी ती यादी आज दिसणाऱ्या माणसांपेक्षा लांब असते. चाकरमान्यांच्या बंद घरांमधून वाढल्यामुळे असेल, या शांत रस्त्यांवर मला आनंदही होतो आणि गलबलूनही येतं.

तुम्ही कुठे फिरलात, काय ऐकलंत, काय चुकलं, ते लिहा. मार्गाची फाइल नको, अनुभव हवा.

*

नाशिकहून

मी २०१९ ची पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकलफेरी केली. १,२०० किमी, ९० तास. त्यासाठी आधी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या पात्रता फेऱ्या, पूर्ण कराव्या लागतात. त्या सगळ्या मी हायवेच्या कडेने, ट्रकच्या वाऱ्याचे धक्के खात केल्या होत्या. रांबुयेहून निघालो आणि पहिल्या रात्रीच लक्षात आलं की खांदे सैल पडलेत. आपण इतकी वर्षं खांदे आवळून सायकल चालवत होतो!

ऑगस्ट असूनही रात्री कडाक्याची थंडी. लूदेआक ते कारे हा टप्पा म्हणजे ब्रिटनीतले अरुंद, सतत चढ-उताराचे रस्ते. एका क्षणी मागे वळून पाहिलं तर रस्त्याकडेच्या झुडपांमधून पांढऱ्या दिव्यांची माळ, पुढे लाल दिव्यांची, आणि आवाज फक्त फ्रीव्हीलचा. पहाटे तीनच्या सुमारास एका घरापुढे टेबल मांडलेलं. एक आजी आणि तिचा नातू, थर्मासमध्ये कॉफी, ताटलीत क्रेप. मी पैसे काढले तर आजींनी माझा हात परत खिशाकडे वळवला आणि खुणेने सांगितलं, घरी गेल्यावर पोस्टकार्ड पाठव. नातवाने पत्ता लिहून दिला.

गोदाघाटाचं कार्ड पाठवलं. दिवाळीच्या आसपास उत्तर आलं. त्यात त्यांच्या कोंबड्यांचा फोटो होता.

*

ठाण्याहून, वय ६४

माझ्यासारख्यांना चढ झेपत नाहीत, त्यांनी बुर्गोन्यमधला जिव्री ते क्लुनी हरितमार्ग करावा. जुनी रेल्वे बंद पडल्यावर तिच्या जागी १९९७ मध्ये सायकलींसाठी हा रस्ता झाला, फ्रान्समधला या प्रकारचा पहिला. आगगाडीसाठी आखलेली वाट असल्याने चढ कळतही नाही. यजमान आणि मी भाड्याच्या इलेक्ट्रिक सायकलींवर दोन दिवसांत सावकाश गेलो. जुनी स्टेशनं अजून उभी आहेत, फलाटावर बसून डबा खाल्ला. दशम्या मी घरून नेल्या होत्या.

*

तुलूझहून, फक्त कामाचं

पाणी संपलं तर दफनभूमी शोधा. फुलांसाठी तिथे नळ असतो. ‘नॉन पोताब्ल’ अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका. सोमवारी बेकऱ्या बऱ्याच ठिकाणी बंद, दुपारी बारा ते दोन सगळंच बंद. काही गावांत पावाचं मशीन असतं, नाणी जवळ ठेवा. आणि दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’, मग बाकी सगळं. हे विसरलात तर दुसरं काहीही नीट होत नाही.

*

ल्योंहून

शांत रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, असं धरून चालू नका. मी दोनदा शिकलो.

पहिल्यांदा उन्हाळ्यात. इथे रस्त्यावर डांबर फवारून वर बारीक खडी पसरतात आणि ती गाड्यांच्या चाकांखाली दबून बसेल म्हणून सोडून देतात. पण जिथे गाड्याच नाहीत, तिथे ती आठवडेच्या आठवडे तशीच मोकळी! ‘ग्राव्हियाँ’ अशी पाटी मी पाहिली होती, अर्थ ठाऊक नव्हता. उतारावरच्या वळणाला पुढचं चाक सरकलं. कोपर आणि मांडी सोलली, मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. पडल्यावर वीस मिनिटं त्या रस्त्याने कोणीही आलं नाही. आवडणारी शांतता त्या वीस मिनिटांत फार वेगळी वाटली. तेव्हापासून निघताना घरी मार्ग सांगतो आणि फोन पूर्ण चार्ज असतो.

दुसरा प्रसंग गावातला. जिथे पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. मी सरळ चाललो होतो, गाडी उजवीकडून आली, हातभर अंतरावर थांबली. चालक काही बोलला नाही. चूक माझी होती.

*

धागाकर्ती

वाचताना पोटात गोळा आला. हे लिहिलंत ते फार बरं झालं. गावाबाहेर सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर ठेवायचं असा इथे नियम आहे. बहुतेकजण पाळतात, पण खडीला कोणता नियम लावणार?

*

ब्रसेल्सहून

माझा अनुभव उत्तरेचा. बेत्यूनला गाडीतून सायकल उतरवली आणि शेतांमधल्या सपाट रस्त्यांनी नव-शापेलला गेलो. बीटची शेतं, विटांची घरं, वारा सतत तोंडावर. तिथे पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ मध्ये उभारलेलं. गोल भिंत, कमळाचा उंच स्तंभ, आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं. मार्च १९१५ ची लढाई याच शेतांत झाली.

स्तंभावर देवनागरी दिसली आणि मी हेल्मेट काढलं. दोन तास एकटाच होतो. ती माणसं बोटीने मार्सेलिसला उतरून इथवर आली आणि त्यांचा पहिला हिवाळा याच चिखलात गेला. मी मात्र त्याच मातीवरून गुळगुळीत डांबरावर, खिशात सफरचंद घेऊन आलो होतो. परतताना एकदाही वेग वाढवावासा वाटला नाही.

*

माँपेलिएहून

लोझेरमध्ये कोस मेजाँच्या पठारावर जाणार असाल तर एक सांगते. मेंढ्यांचा कळप दिसला तर त्यात मोठा पांढरा कुत्रा असू शकतो, ‘पातू’. लांडग्यांपासून राखणीला ठेवलेला. सायकलवरून उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवा, ओरडू नका, कळपाला लांबून वळसा घालून चालत जा. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून, हुंगून, तो परत गेला. चालताना पाय कापत होते. पठार मात्र अपार सुंदर.

*

साताऱ्याहून (बोलून लिहितो आहे)

मला दिसत नाही. भाचा तुलूझला असतो, त्याने टँडेम आणली आणि जुलैमध्ये झेर्स जिल्ह्यात नेलं. तो पुढे, मी मागे. साताऱ्यात मी मागे बसतो तेव्हा रस्ता कळतच नाही, नुसता गोंगाट कळतो. इथे पहिल्या दहा मिनिटांत मला रस्ता कळायला लागला. झाडांखालून गेलो की टायरचा आवाज जवळ येतो, उघड्यावर आलो की तो पसरून जातो. भिंत आली की आपलाच आवाज डावीकडून परत येतो. लेक्तूरच्या अलीकडे लसणाचा वास आला. भाचा म्हणाला, शेडमध्ये जुड्या वाळत टांगल्यात. मी म्हटलं, मला माहितीये, केव्हाच.

मग एका टेकाडावर थांबलो. खालून चर्चची घंटा वाजली. मोजायला लागलो, पण तेवढ्यात दुसऱ्या गावातली सुरू झाली आणि माझी मोजणी चुकली. भाचा म्हणाला, थांब मामा, इथल्या पुष्कळ गावांत तास दोनदा वाजवतात, एक-दोन मिनिटांनी पुन्हा. शेतात राबणाऱ्याची मोजणी चुकली असेल तर, असं इथले लोक सांगतात.

थांबलो. सायकल धरून, दोघंही गप्प. पुन्हा वाजली तेव्हा नीट मोजले. अकरा.