उल्हासनगर आणि मुलचेरा : फाळणीने आणलेल्या दोन समाजांचे अनुभव

निमंत्रण

फाळणीनंतर महाराष्ट्रात वसवल्या गेलेल्या दोन समाजांपैकी एकच आपल्या स्मरणात राहिला आहे. सिंधी समाज सर्वांना ठाऊक आहे. उल्हासनगर, पिंपरी, कोल्हापूरजवळचे गांधीनगर, नागपूरची जरीपटका ही नावे घेतली की बाजारपेठच डोळ्यांपुढे येते. पूर्व पाकिस्तानातून आलेली, बहुतांशी नमःशूद्र या बंगालमधील दलित समाजातील शेतकरी आणि मच्छीमार कुटुंबे मात्र आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत साठच्या दशकापासून राहत आहेत, हे विदर्भाबाहेर फारसे कोणाला माहीत नसते. ज्यांना माहीत असते, त्यांच्याकडून एक ठराविक वाक्य ऐकू येते : सिंधी मुळातच उद्योगी, म्हणून वर आले, बंगाली सरकारवर अवलंबून राहिले, म्हणून मागे पडले. हे वाक्य मला पटत नाही, परंतु माझ्या न पटण्याला महत्त्व नाही. ज्यांनी या दोहोंपैकी एखादी वसाहत जवळून पाहिली आहे, त्यांनी पाहिलेले किंवा घरात ऐकलेले लिहावे. कोणाचे नाव लिहू नये. गाव आणि व्यवसाय पुरेसा आहे.

कल्याण, अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका

माझी सारी नोकरी उल्हासनगरमध्ये झाली, त्यामुळे 'मुळातच उद्योगी' हे वाक्य मी कौतुकाच्या आणि हेटाळणीच्या अशा दोन्ही सुरांत ऐकले आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराक म्हणजे एक लांबलचक शेड, मध्ये गोणपाटाचे पडदे लावून केलेल्या खोल्या, सामाईक नळ आणि सामाईक शौचालये. या खोल्यांत बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, गोळ्या-बिस्किटे बांधली, आणि पुरुषांनी व मुलांनी ती लोकलच्या डब्यांतून विकली. माझ्या सहकाऱ्यांपैकी अनेकांचे बालपण असेच गेले होते, आणि त्यांना त्याची लाज मुळीच वाटत नसे.

तथापि या कष्टांच्या जोडीला काय होते तेही पाहिले पाहिजे. सिंधमधील हिंदू मोठ्या प्रमाणावर शहरी होते; त्यांच्यातील आमिल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीत आणि शिक्षणात होती, तर भाईबंद व्यापारात. हैदराबाद सिंधच्या व्यापारी पेढ्यांच्या शाखा फाळणीच्या कितीतरी आधीपासून हाँगकाँगपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या होत्या. पैसा मागे राहिला असेल. हिशेब लिहिण्याचे ज्ञान, उधारीवर माल देणारा आप्त आणि परदेशातला पत्ता मागे राहिला नाही. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातील प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज उभे केले, पुढच्याच वर्षी वांद्र्यात नॅशनल कॉलेज आले आणि १९५४ मध्ये के. सी. कॉलेज. बराकीत राहणाऱ्या मुलाला लोकलने जाता येईल अशा अंतरावर, आपल्याच भाषेतील प्राध्यापक असलेले कॉलेज सात वर्षांच्या आत तयार होते. इतर कोणत्या निर्वासित समाजाला हे लाभले?

आणि क्लेम. पश्चिम पाकिस्तानात मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल १९५४ च्या कायद्यान्वये भरपाई मिळाली. ती मूळ किमतीच्या मानाने अपुरी होती, पुष्कळांना कागदपत्रांअभावी मिळालीही नाही, परंतु ज्यांना मिळाली त्यांनी त्यातून बराकीतील खोली किंवा दुकानाचा गाळा आपल्या नावावर करून घेतला.

मुलचेरा तालुका, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

मी बंगाली निर्वासित कुटुंबातील तिसऱ्या पिढीचा आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, घरी आम्ही बंगाली बोलतो. वरील लेखनातील क्लेमचा मुद्दा वाचून आमच्या घरातील एक जुना प्रश्न मला पुन्हा आठवला : आजोबांची खुलना जिल्ह्यात जमीन होती, मग तिची भरपाई आम्हांला का मिळाली नाही? पुढे वाचनातून उत्तर मिळाले. १९५० च्या नेहरू-लियाकत कराराने पूर्व बंगालमधून आलेल्यांचा तिकडील मालमत्तेवरील हक्क कायम मानला, कारण ही माणसे परत जातील असे गृहीत धरले होते. हक्क कायम असल्यामुळे भरपाईचा प्रश्नच निघाला नाही, आणि आम्ही काही परत गेलो नाही. पंजाब आणि सिंधच्या निर्वासितांना 'पुनर्वसन' मिळाले; आम्हांला बराच काळ केवळ 'मदत' मिळाली, म्हणजे छावणीतील रोख रक्कम आणि धान्य, ज्याला आमची वडीलधारी मंडळी आजही 'डोल' म्हणतात.

आमचे लोक एकाच वेळी आले नाहीत, ही दुसरी गोष्ट. सवर्ण आणि सुशिक्षित बंगाली आधी निघाले आणि कलकत्त्यात स्थिरावले; नमःशूद्र शेतकरी जमीन सोडायला तयार नव्हता आणि त्यांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल तर पाकिस्तानचे कायदामंत्री होते. त्यांनीही १९५० मध्ये राजीनामा देऊन भारत गाठला. १९६४ च्या दंगलींनंतर जो मोठा लोंढा आला, त्याला पश्चिम बंगालमध्ये थारा नव्हता. राज्याबाहेर जाण्याची तयारी असेल तरच मदत, असे धोरण होते. रायपूरजवळची माना छावणी, तिथून दंडकारण्य या निर्वासितांना वसवण्याच्या प्रकल्पातील मलकानगिरी, उमरकोट, पारलकोट, आणि काही जणांसाठी तेव्हाचा चांदा (आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली) जिल्हा. नदीकाठी वाढलेल्या, होडीशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या माणसांना साग-बांबूच्या जंगलात, मुरमाड जमिनीवर आणून सोडले. रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, मलेरिया होता. आजीच्या दोन मुलांचा त्यात अंत झाला.

आमच्यातील कोणी उद्योगी नव्हते असे म्हणणाऱ्यांनी सुंदरनगर किंवा विवेकानंदपूर ही गावे पाहावीत. धान, भाजीपाला, तळ्यांतील मासे यांवर आमची घरे उभी राहिली. परंतु भाजी कितीही पिकवली तरी विकायला आठवडी बाजारच. आम्हांला जवळचे कल्याण स्थानक नव्हते. मुंबईच्या उपनगरात लाटलेला पापड आणि मुलचेऱ्यात पिकवलेले वांगे यांच्या मोबदल्यात जो फरक पडतो, तो माणसांच्या स्वभावावरून ठरत नाही.

अजून एक गाठ आहे. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडते, महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. त्यामुळे माझे विद्यार्थी गावात दलित म्हणून वागवले जात नाहीत, हे खरे असले तरी नोकरीच्या अर्जावर ते खुल्या प्रवर्गातील असतात आणि आजोबांच्या पिढीतील निरक्षरतेचा बोजा मात्र जसाच्या तसा असतो.

गांधीनगर, कापडाचे घाऊक व्यापारी

वळिवडेच्या ज्या छावणीत आम्हांला आणले, तिथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. म्हणजे आम्हांला तयार घरे, विहिरी आणि रस्ते मिळाले, आणि शेजारी कोल्हापूरसारखी पेठ. वडील सायकलवर कापडाचे गठ्ठे घेऊन कागल-निपाणीपर्यंत फिरत. कष्ट केले, याबद्दल दुमत नाही, पण मुलचेऱ्यात सायकलवरून गठ्ठा नेऊन विकायचा कोणाला, हा प्रश्न मला वाचताना पडला.

नागपूर, कृषी खात्यातील निवृत्त अधिकारी

ऐंशीच्या दशकात माझी नेमणूक चामोर्शी तालुक्यात होती. गडचिरोली जिल्हा नुकताच, १९८२ मध्ये, चंद्रपूरपासून वेगळा झाला होता. मी दोन बाबी नोंदवतो. एक, बंगाली शेतकरी रोपवाटिका, लावणीतील अंतर आणि शेततळ्यातील मत्स्यबीज यांत आमच्या प्रात्यक्षिकांच्या पुढे होता. खात्याने त्याला शिकवण्यापेक्षा त्याच्याकडून शिकावे अशी स्थिती होती. दोन, वाटप झालेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची होती, म्हणजे परवानगीशिवाय ती विकता किंवा हस्तांतरित करता येत नसे. या अटीमुळे गरिबाची जमीन सावकाराकडे गेली नाही, हा तिचा मोठा लाभ आहे, आणि ती सरसकट काढून टाका असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु पुढील पिढीत वाटण्या झाल्या, तुकडे उरले, आणि जमीन विकून शहरात धंदा टाकणे हा जो मार्ग इतर समाजांनी वापरला, तो या कुटुंबांना बंद राहिला. माझ्या ओळखीच्या घरांतील तरुण आज हैदराबाद, पुणे आणि केरळमध्ये मजुरीला जातात.

अहेरी, गोंड समाजातील विधी शाखेचा विद्यार्थी

तुलना दोघांची चालली आहे, म्हणून तिसऱ्याने लिहिणे आवश्यक वाटले. 'जंगलात आणून सोडले' हे वाक्य निर्वासितांच्या बाजूने खरे आहे, परंतु ते जंगल रिकामे नव्हते. आमच्या गावांची गुरे जिथे चरत, जिथून मोह आणि तेंदू गोळा होत असे, ती जमीन मोजून वाटली गेली आणि त्याबाबत आमच्या आजोबांना कोणी विचारले नाही. उल्हासनगरच्या बराकी लष्कराच्या जागेवर होत्या. मुलचेऱ्याचे तसे नाही. बंगाली शेजाऱ्यांशी आमचे वैर आहे असा याचा अर्थ नाही. धान लावण्याची पद्धत आम्ही त्यांच्याकडून घेतली, मासळीही त्यांच्याकडूनच घेतो, आणि शाळेत आम्ही एकाच बाकावर बसलो. मात्र नोकऱ्यांतील आरक्षणाचा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे आवाज चढतात, आणि ज्यांनी हे वाटप केले ते त्या वादात कोठेच नसतात.

निमंत्रकाची टीप

आतापर्यंतच्या लेखनात उत्पन्नाचाच विचार अधिक झाला आहे. भाषा, विवाह, शेजार यांबद्दलही लिहावे, ही विनंती. १९७८ मध्ये दंडकारण्यातून हजारो कुटुंबे सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेली आणि पुढच्या वर्षी पश्चिम बंगाल सरकारने त्यांना पोलिसबळाने हुसकावले. बंगाली भाषक प्रदेशात परतण्याची ओढ किती तीव्र होती, हे त्यावरून दिसते. सिंध्यांना परत जावे असा भारतात एकही प्रांत नव्हता, आणि याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला, हे कोणी सांगेल का?

पिंपरी, सनदी लेखापाल

मी सांगते. परिणाम असा झाला की माझी मुलगी आजीशी हिंदीत बोलते. सिंधी भाषेचा १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत समावेश झाला तेव्हा आमच्या घरी मिठाई वाटली होती म्हणतात, पण लिपी अरबी असावी की देवनागरी या वादात मोठ्यांची शक्ती खर्च झाली आणि तोवर मुले इंग्रजी शाळांत दाखल झाली होती. सिंधी माध्यमाच्या शाळा एकामागून एक बंद पडल्या. व्यापारी समाजाला गिऱ्हाइकाची भाषा बोलावी लागते, आणि मुलांनी पुढे जावे म्हणून आम्ही स्वतःच ती सोडली; कोणी जबरदस्ती केली नाही. मुलचेऱ्याच्या सरांनी 'घरी आम्ही बंगाली बोलतो' असे सहज लिहिले आहे. आमच्या पिढीतील किती सिंध्यांना हे लिहिता येईल, याची मला शंका आहे.

सामाजिक स्थानाबद्दलही एक सांगावेसे वाटते. माझ्या शाळेत 'सिंधी' हा शब्द कंजूष किंवा बनावट मालाशी जोडून वापरला जाई. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता आधीच हसून मोकळी होते. पैसा आला म्हणून मान त्याच वेगाने येतो असे नाही. माझे लग्न मराठी कुटुंबात झाले तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींची चिंता सारखीच होती, हे मात्र गमतीचे.

मुलचेरा, वरीलच शिक्षक

ताईंना एवढेच सांगतो की, आमची भाषा टिकली यात निवडीचा भाग फार कमी होता. गावेच्या गावे एकाच समाजाची, बाहेर जायला रस्ता नाही, हरिचांद ठाकुरांनी आमच्या समाजात सुरू केलेल्या मतुआ या भक्तिपंथाचे कीर्तन दर आठवड्याला. भाषा जाणार कोठे? जी मुले पुण्याला राहतात, त्यांची मुले आता मराठी आणि हिंदीच बोलतात. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झाले. त्याआधी पदवीनंतर शिकायचे तर नागपूर गाठावे लागे, आणि ज्यांनी ते गाठले ते बहुधा परतले नाहीत.

उल्हासनगर कॅम्प ४, रिक्षाचालक

धाग्यात सिंधी म्हणजे दुकानदार असेच सगळे धरून चालले आहेत, म्हणून लिहीत आहे. माझ्या वडिलांना क्लेम मिळाला नाही, कारण सिंधमध्ये ते दुसऱ्याच्या दुकानात नोकर होते आणि नोकराची मालमत्ता ती काय असणार. आम्ही आजही बराकीच्या अर्ध्या भागात राहतो. खोलीची सनद काकांच्या नावावर आहे, काका वारले, वारस सहा, आणि कागद अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आहे. शेजारी बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने ८५५ इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांत फ्लॅट घेतलेले बहुतेक लोक आमच्यासारखेच होते, बांधणारे वेगळे होते. जीन्सच्या कारखान्यांत मालक सिंधी असला तरी शिलाईवर उत्तर प्रदेशचा कारागीर असतो, आणि धुलाईचे निळे पाणी वर्षानुवर्षे वालधुनी नदीत जात आले, जिच्या काठावर गरीब सिंधी, मराठी आणि भय्या असे सगळे राहतात.

मुलचेऱ्याच्या सरांना विचारायचे आहे : तुमच्याकडे वर्ग २ ची जमीन वर्ग १ (म्हणजे विक्रीला मोकळी) करून घेताना वारसांच्या संमतीची अट कशी पूर्ण करतात? आमच्याकडे सहापैकी दोन वारस परदेशात आहेत आणि एकाचा पत्ता नाही. काही तोडगा निघाला असेल तर तो येथेच लिहावा, कॅम्पातील बऱ्याच जणांना उपयोग होईल.