बर्फाचा भुगा करा, खडक वर आणा!

खडकमाळ:
जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय चमूने अंटार्क्टिकात लिटल डोम सी या ठिकाणी २८०० मीटर बर्फ कोरून तळ गाठला. १२ लाख वर्षांहून जुना बर्फ हाती आला, कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण समुद्र किती चढेल हे ठरवायचं तर बर्फ कधी *नव्हता* ते कळायला हवं. नसलेला बर्फ ते कसं सांगणार? सांगतो खालचा खडक. उघड्या खडकावर विश्वकिरण (अंतराळातून येणारे वेगवान कण) पडले की त्यातल्या क्वार्ट्झ या खनिजात बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६ हे किरणोत्सारी अणू तयार होतात. वर जाड बर्फ चढला की हे थांबतं आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने घटत जातात. घड्याळच ते.

ग्रीनलंडच्या माथ्यावर १९९३ साली ३०५३ मीटर बर्फाखालून १.५५ मीटर खडक निघाला होता. त्याचं हे घड्याळ वाचून निष्कर्ष छापला गेला २०१६ साली! बर्फावर सगळे तुटून पडले, दगड पडून राहिला.

म्हणून म्हणतो, बर्फाचा कोअर, म्हणजे कोरून काढलेला अखंड दंडगोल, काढत बसू नका. भुगा करून उडवा आणि थेट दगडाला भिडा. ग्रीनलंडच्या वायव्येला प्रुडो डोम या बर्फाच्या घुमटावर २०२३ मध्ये हेच केलं: ५०९ मीटर बर्फ पार, खालची माती आणि खडक वर. उत्तर मिळालं की अवघ्या ७ हजार वर्षांपूर्वी तो अख्खा डोम वितळून गेला होता.

हिमकण:
साफ असहमत. बर्फातले हवेचे बुडबुडे थराथराने कार्बन डायऑक्साइडची नोंद देतात. खडक फक्त 'झाकला होता की उघडा' एवढंच सांगतो, तेही एका भोकापुरतं. भुगा झालेला बर्फ परत जोडता येत नाही, दादा.

आणि घाई केली तर बर्फ आणि खडकामधली माती जाते. ग्रीनलंडमधल्या कॅम्प सेंचुरी या तळावर १९६६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या लोकांनी १३८७ मीटर बर्फ कोरला आणि खालची साडेतीन मीटर गोठलेली मातीही तशीच उचलली. ती कोपनहेगनच्या फ्रीझरमध्ये विस्मरणात गेली आणि २०१७ ला सापडली. आत काड्या, पानांचे तुकडे! सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी तिथे झाडोरा होता. हे दगडाने सांगितलं असतं का?

खडकमाळ:
ताई, हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की! बर्फाच्या *खालचं* महत्त्वाचं, हेच म्हणतोय. फ्रीझरमध्ये विसरले तो दोष ड्रिलचा नाही.

बोअर_कराड:
दोघेही तासभर रिगवर उभे राहा, मग भांडा. आमच्याकडे कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटरचं बोअर झालंय, बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटपर्यंत. खडकातलं भोक बहुतेक उभं राहतं. बर्फातलं राहत नाही, दाबाने आत सरकतं. म्हणून ते बर्फाच्याच घनतेच्या आणि न गोठणाऱ्या द्रवाने भरून ठेवावं लागतं.

आता यंत्र. खोल बर्फाचं ड्रिल तारेवर लोंबकळतं, मोटर खालीच. फिरताना ते स्वतःच गरगरू नये म्हणून त्याची पाती भोकाच्या भिंतीत रुतून बसतात. बर्फाला एवढं पुरतं. ग्रॅनाइटवर डायमंड बिट, म्हणजे हिरे जडवलेलं कापायचं टोक, चालवायला जोर लागतो, वरून दाब लागतो, म्हणजे रॉड आले. रॉड आले की वजन आलं, आणि तिथे प्रत्येक किलो विमानातून नाहीतर स्लेजवरून जातो. तळाजवळचा बर्फ कोमट असेल तर आणखी मजा: चुरा वितळतो, पुन्हा गोठतो, ड्रिल अडकतं. दगड मिसळलेल्या बर्फात पात्यांची धार जाते ती वेगळीच.

तिरकस:
आणि तो द्रव? अंटार्क्टिकातल्या वोस्तोक या रशियन स्टेशनला केरोसीन आणि फ्रेऑन (फ्रिजमधलं रसायन) भरलं होतं. २०१२ मध्ये ३७६९ मीटरवर बर्फाखालच्या तळ्याला भोक पडलं तेव्हा पाणी दूषित होण्याची भीती जगभर चघळली गेली. तिथल्याच बर्ड या अमेरिकी स्टेशनला १९६८ मध्ये २१६४ मीटरवर तळ लागला, तर खालून पाणीच वर घुसलं. एक दगड हवा म्हणून किती भोकं पाडणार?

खडकमाळ:
पाण्याची शंका रास्त. म्हणून जागा निवडायची जिथे बर्फ तळाशी गोठून चिकटलाय आणि जाडी काहीशे मीटर आहे. प्रुडो डोमचं ड्रिल ७०० मीटरपर्यंतच्या बर्फासाठी बनवलेलं. त्यापुढे ३३०० मीटरच्या हिशेबाने दुसरं ड्रिल बांधलंय, पण चाचणीत ६८१ मीटरच बर्फ पार झालाय. एवढं मान्य करतो.

हिमकण:
म्हणजे मधोमध, जिथे बर्फ जाड आहे, तिथे कोअरच काढायचा. मग शीर्षक बदला!

खडकमाळ:
नाही बदलणार. कडेच्या बर्फाचा भुगाच. आधी वितळतात त्या कडाच, आणि प्रश्नही तिथलाच आहे.

बोअर_कराड:
वरचे पन्नास-शंभर मीटर अजून पुरता बर्फ न झालेलं सच्छिद्र हिम असतं. केसिंग (भोकाला आतून लावायचा पाइप) नीट बसलं नाही तर द्रव तिथूनच गळून जातो, आणि पंपाचा दाब जास्त दिलात तर खाली बर्फच चिरतो. त्याचं काय करणार ते सांगा, मग कडेचं बोलू.