'काटा' म्हणजे हाड का? (मुशी, पाकट आणि सुरमईच्या तुकडीवरून)

खाडीकाठ

शाळेतल्या सागरी प्रदर्शनासाठी कोकणच्या माशांच्या पाट्या लिहायच्या आहेत. मुशीच्या पाटीवर 'मुशीला काटा नसतो' असं वाक्य आहे आणि लगेच शेजारच्या पाटीवर 'पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो'. तपासताना कुणीतरी पहिल्या वाक्यातला 'काटा' खोडून 'हाड' केलंय, दुसऱ्यातला तसाच ठेवलाय. मुशी (लहान शार्क) आणि पाकट (चपटा स्टिंग-रे मासा) एकाच गटातले, मग शब्द दोन का? 'काटा' आणि 'हाड' समानार्थी धरायचे का? शिवाय मुशीचा सांगाडा ज्याचा असतो ती 'कूर्चा' सातवीतल्या मुलाला कळेल का? आणि मुशी लिहायचं की मोरी?

मणका

शेवटचं आधी घेतो, सोपं आहे. अलिबाग-मुरूडकडे मुशी आणि पाकट, मालवण-वेंगुर्ल्याकडे मोरी आणि वागळी. पाटी लागणार तिथला शब्द मोठ्या अक्षरात, दुसरा कंसात.

आता 'काटा'. हा शब्द पदार्थाचा नाही, टोकाचा आहे. संस्कृत 'कण्टक'वरून आला. बाभळीचा काटा, घड्याळाचा काटा, तराजूचा काटा: तिन्ही वेगवेगळ्या पदार्थांचे, पण टोक प्रत्येकाला आहे. 'हाड' हा पदार्थाचा शब्द. माशाच्या बाबतीत दोन्ही एकमेकांवर येतात म्हणून ते एकच वाटतात. सुरमईचं डोकं चोखताना आपण 'डोक्यातली हाडं' म्हणतो, कारण ती चपटी आणि बोथट असतात. त्याच सुरमईच्या पोटाकडच्या बरगड्या मात्र 'काटे'. पदार्थ एकच, नाव टोचण्यावरून ठरलं.

आगळ

मालवणीत 'मोरीक काटो नाय' म्हणतात ते जेवणारा बोलतो, प्राणिशास्त्रज्ञ नाही. त्याचा अर्थ एवढाच, की पोराला बिनधास्त वाढा, घशात अडकणार नाही. म्हणून 'काटा' खोडून 'हाड' करणं मला जडच जातं. वाक्य शास्त्रीय झालं, पण रोजच्या बोलण्यातलं राहिलं नाही.

मणका

खोडू नये, पण तेवढ्यावर सोडूही नये. मुशीला सांगाडा असतो आणि तो कूर्चेचा असतो. आपल्या कानाचा वरचा ताठ भाग आणि नाकाचं टोक ज्याचं, तेच हे. मुलाला 'कूर्चा' समजावायला कान धरायला सांगितलं की पुरे. मुशीच्या मणक्यांत चुन्याचे क्षार साठतात, म्हणून रश्श्यातल्या तुकडीत मधोमध टणक चकती लागते. ती टणक असली तरी हाड नव्हे. त्या मणक्याचा पातळ छेद घेतला की वाढीची वलयं दिसतात आणि त्यावरून वय मोजतात.

वागळीच्या पंखाची तुकडी उघडून पाहा. कंगव्याच्या दातांसारख्या समांतर काड्या दिसतील, चावल्या की कुडुम वाजतात. त्या परांच्या आधाराच्या कूर्चा आहेत. दिसतात काट्यासारख्या, पण टोचत नाहीत. म्हणून त्यांना कुणी काटे म्हणत नाही.

सुकंबाजार

म्हणजे बोंबीलही त्याच गटातला झाला ना? त्याचा मधला काटाही चावून खातात.

मणका

नाही, ही फार पसरलेली गफलत आहे. बोंबील अस्थिमत्स्यच, म्हणजे हाडाचा सांगाडा असलेला मासा. त्याचा काटा हाडाचाच, फक्त बारीक आणि त्यात क्षार कमी, त्यातून मांस पाण्याने भरलेलं. चावला जातो म्हणजे कूर्चा, असं गणित मांडू नका. मांदेलीही तळल्यावर काट्यासकट खातात, म्हणून ती काही मुशीची बहीण ठरत नाही.

ओळखायचं असेल तर काट्यापेक्षा कल्ल्याकडे बघा. बोंबील, बांगडा, पापलेट यांच्या कल्ल्यांवर एक झाकण असतं, ते उचललं की आत लाल कल्ले दिसतात. मुशीला झाकणच नसतं, मानेच्या बाजूला उघड्या चिरा असतात, साधारणपणे पाच. पाकटाच्या चिरा खाली, पोटाच्या बाजूला. मासा बर्फात असो की टोपलीत, ही खूण लपत नाही.

आगळ

'कल्ला' शब्दाची गंमत बघा. माणसाच्या गालावरचे केसही कल्लेच. दोन्ही चेहऱ्याच्या कडेला.

तांबडाकोकम

मूळ प्रश्नाकडे येते. 'काटा' या एका शब्दात माशाच्या शरीरातल्या किती गोष्टी बसतात हे सुरमईच्या दोन तुकड्यांवरून दाखवता येईल. पाटीपेक्षा हाच तक्ता लावा.

पोटाकडची तुकडी घ्या. मध्ये मणका, वर एक उभा काटा, खाली दोन्ही बाजूंना बरगड्या. बरगड्यांच्या मधल्या पोकळीत पोटाचे अवयव होते. आता शेपटीकडची तुकडी, म्हणजे गुदद्वाराच्या मागची. इथे बरगड्या नाहीत. मणक्याच्या वर एक आणि खाली एक, असे दोन उभे काटे, दोन्ही मधल्या रेषेत. म्हणून लहान मुलाला शेपटीकडची तुकडी देतात, बाजूचं मांस सरळ सुटतं. वरच्या काट्याच्या बुडाशी कमानीतून मज्जारज्जू गेलेला असतो, खालच्याच्या कमानीतून मोठ्या रक्तवाहिन्या. साफ करताना तिथे काळपट रक्ताची रेघ राहते, ती अंगठ्याने खरवडून धुतली नाही तर कालवणाला कडवट चव येते.

मणका सोडवून हातात घ्या. दोन्ही बाजूंनी खोलगट, मध्ये चिंबलेला, हुबेहूब डमरू. दोन डमरूंच्या मधल्या खळग्यात जो गिळगिळीत गोळा असतो आणि जो लोक चोखून खातात, तो पृष्ठरज्जूचा, म्हणजे गर्भात मणक्यांच्या आधी असलेल्या आधाराच्या दोरीचा, उरलेला भाग. दहावीच्या पुस्तकातला 'समपृष्ठरज्जू प्राणीसंघ' ज्यावरून आला, तीच ही रज्जू. आपल्यात ती मणक्यांमधल्या चकतीच्या गाभ्यात उरते.

खाडीकाठ

हे तक्त्यात घेतो. आणि पाला माशातले ते छळणारे बारीक काटे? तेही बरगड्याच का?

तांबडाकोकम

नाहीत. पाला, भिंग, तारली यांच्यात ते मांसाच्या पदरांमध्ये असतात. माशाचं मांस पदर पदर करून सुटतं ना, त्या दोन पदरांमधल्या पडद्यात स्नायुबंध हाडासारखे कडक होऊन हे काटे तयार होतात. काहींना टोकाला फाटे फुटलेले, इंग्रजी वाय अक्षरासारखे. मणक्याला धड जोडलेले नसल्याने मणका उचलला तरी मागे राहतात. पापलेट, घोळ, सुरमई यांच्यात ते अगदी थोडे. म्हणून घोळीच्या तुकड्या सरळ निघतात आणि पाल्याच्या काही केल्या निघत नाहीत.

उपाय दोन. कातडीच्या बाजूने दोन-तीन मिलिमीटरवर आडव्या चिरा द्यायच्या, म्हणजे काटे तुकडे होऊन तळल्यावर कुरकुरीत होतात. नाहीतर आंबट घालून मंद आचेवर बराच वेळ शिजवायचं. चिरा लांब लांब दिल्या तर काट्याचे लांब तुकडे राहतात आणि ते अखंड काट्यापेक्षा वाईट, कारण दिसत नाहीत.

मणका

आता पाकटाचा काटा, कारण पाटीवर खरा घोळ तिथेच आहे. तो हाडही नाही आणि कूर्चाही नाही. मुशीच्या अंगावर हात उलटा फिरवला की कानशीसारखी खरखर लागते, ती दातासारख्या बारीक खवल्यांची. दात ज्याचा बनतो तेच द्रव्य, वर चकचकीत कवच. पाकटाच्या शेपटीचा काटा हे त्याच खवल्याचं लांबट रूप. दोन्ही कडांना मागे वळलेले दाते आणि खालच्या खाचांमध्ये विष बनवणाऱ्या पेशी. म्हणून आत जाताना सहज जातो आणि ओढून काढताना मांस फाडतो.

आगळ

ती खरखर काढायला मुशीवर उकळतं पाणी ओततात. मिनिटभर ठेवायची आणि सुरीच्या बोथट बाजूने खरवडायची. जास्त वेळ ठेवली तर कातडी मऊ होऊन मांसासकट सोलते, कमी ठेवली तर रश्श्यात वाळू लागल्यासारखं होतं. आणि मुशी उशिरापर्यंत तशीच ठेवली तर नवसागरासारखा वास मारते. खाऱ्या पाण्यात टिकण्यासाठी तिच्या अंगात युरिया साठवलेला असतो, मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात.

मणका

बरोबर. शिंगाळा माशाचा काटाही पाटीवर घ्या, कारण तो पाकटासारखा वाटला तरी हाडाचाच आहे. पाठीवरच्या आणि छातीकडच्या पराचा पहिला काटा जाड, दातेरी, आणि बुडाशी सांध्यात असा अडकतो की दाबून मिटत नाही. साफ करण्याआधी तो पक्कडीने किंवा कोयत्याने बुडातून तोडावा.

हे काटे लागले तर पाटीच्या तळाशी एक सूचना हवीच. जखम स्वच्छ धुवून, सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायची. विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात, म्हणून दुखणं कमी होतं. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून तपासावं, कारण कळ इतकी असते की भाजल्याचंही कळत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर ओढायचा नाही, तसाच ठेवून दवाखाना गाठायचा.

सुकंबाजार

मुशीला हाड नाही म्हणजे ती उत्क्रांतीत मागे राहिलेली, असं पाटीवर लिहिता येईल?

मणका

कृपा करून नको. हेच वाक्य सगळीकडे सापडतं आणि बहुधा उलटं आहे. मंगोलियात सापडलेल्या मिंजिनिया या जबडेवाल्या माशाच्या सुमारे ४१ कोटी वर्षं जुन्या कवटीत आपल्यासारखं, आतून घडणारं हाड आहे, असं २०२० मध्ये जाहीर झालं. हा मासा मुशी आणि अस्थिमत्स्य वेगळे होण्याआधीच्या फांदीवरचा. म्हणजे मुशीच्या पूर्वजांकडे हाड असावं आणि पुढे ते गेलं, असा अर्थ लागतो. हलकी आणि लवचिक कूर्चा पोहायला सोयीचीच.

तांबडाकोकम

एक अवांतर. साळिंदराचे काटे म्हणजे जाड झालेले केस. ते साळिंदर उभे करतं ते केसांच्या मुळाशी असलेल्या स्नायूंनी. भीतीने आपल्या अंगावर काटा येतो तेव्हाही असेच स्नायू आखडतात. आपल्याकडे उभं करायला फारसं उरलेलं नाही, एवढंच.

खाडीकाठ

सुधारलेला मजकूर असा:

'मुशी (मोरी). हिच्या मांसात घशात अडकणारे काटे नसतात. हिचा सांगाडा हाडाचा नसून कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या ताठ भागासारखा असतो.'

'पाकट (वागळी). सांगाडा मुशीसारखाच कूर्चेचा. शेपटीवरचा दातेरी, विषारी काटा म्हणजे लांबट वाढलेला खवला. तो हाडाचा नसतो.'

आगळ

'मांसात' काढा. मांसात नुसते पाल्यासारखे बारीक काटे येतात, पोटाच्या बरगड्या त्यात येत नाहीत. 'हिच्या तुकडीत' करा, म्हणजे दोन्ही आले.