आपल्या लिखाणावर टीका झाली तेव्हा... अनुभव सांगा

संथ_कृष्णा
भाचीचा पहिला कवितासंग्रह आलाय. काल तिचा फोन, आवाज पार बसलेला. कुणीतरी लिहिलंय, 'गद्याच्या ओळी तोडल्या की कविता होत नाही.' मला एकदम राज्य नाट्य स्पर्धा आठवली. सांगली केंद्र, भावे नाट्यमंदिर. रात्री प्रयोग झाला की सकाळच्या पेपरात परीक्षण ठरलेलं. स्टँडवर उभ्याउभ्याच वाचलं: 'लेखकाला शेवट सुचलेला नाही, म्हणून आईला मारलं आहे.' खाली प्रकाशयोजनेचं, अभिनयाचं कौतुक होतं, ते दिसलंच नाही. चहाच्या गाड्यावर सगळे गप्प. आईचं काम करणाऱ्या वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "रोज मरायचं मला आहे. मला पटतंय ना, मग झालं!" पुढच्या प्रयोगांनाही शेवट बदलला नाही. तुम्ही काय करता?

यवतेश्वर
माझ्या पुस्तकाला एकच तारा. खाली काय, तर 'पुठ्ठा दुमडलेला आला'. कवितांबद्दल अवाक्षर नाही! भाचीला म्हणावं, तुझं निदान वाचलं तरी.

हळदपेठ
हाहाहा, तो तारा कुरियरवाल्याचा.

माणदेशी_गडी
धारा काढून आलो, आता लिवतो. पेपरातल्या टीकेचं काय न्हाई वो, गावातली वंगाळ. माज्या कथेत एक चुलता बांध कोरतो. झालं! सख्ख्या चुलत्यानं जत्रंत सगळ्यांम्होरं इचारलं, "माजा बांध तू मोजलायस व्हय रं?" म्हणलं, नाना, त्यो तुमी न्हाई. तर म्हणं, "मग म्हैस एका शिंगाची का लिवलीस? तसली म्हैस माज्याच दावणीला हाय." लई दिवस बोलत नव्हते. आता पाव्हण्यांना सांगत्यात, पोरानं आमच्या म्हशीवर पुस्तक लिवलंय.

मेणवली_घाट
मर्ढेकरांचं मूळ गाव मर्ढे, आमच्या साताऱ्यातलंच. १९४७ च्या संग्रहावरून अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून निर्दोष सुटले. १९५१ ला पुढचा संग्रह आलाच. भाचीला हे जरूर सांगा. कुकर लावलाय, नंतर येते.

पेन्सिल
दुसरी बाजू मांडतो. दिवाळी अंकांसाठी परीक्षणं लिहितो. पुस्तक दोनदा वाचल्याशिवाय लिहीत नाही, तरी "आमच्या वाईटावर का टपलात" असे फोन येतात. 'गद्याच्या ओळी तोडल्या' म्हणायला हरकत नाही, पण मग ती ओळ खाली द्या. ती कुठे तुटली, कानाला का खटकली ते सांगा. नाहीतर तो नुसता शेरा झाला. आपल्या सांगलीचे म. द. हातकणंगलेकर बघा. समीक्षा हेच त्यांचं मुख्य काम, आणि २००८ साली सांगलीतल्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. नीट वाचणाऱ्याला एवढा मान मिळाला, याचं मला फार अप्रूप आहे.

हळदपेठ
त्या संमेलनात मी पुस्तकांच्या स्टॉलवरून हलतच नव्हतो. घरच्यांना वाटलं हरवलो!

यवतेश्वर
पेन्सिल, शंभर टक्के. माझ्या एका वाचकाने चार पानी पत्र लिहून कविता झोडपल्या होत्या. ते पत्र अजून जपून ठेवलंय, कारण त्यांनी एकेक ओळ मोठ्याने वाचलेली कळत होती.

संथ_कृष्णा
भाचीला सगळं वाचून दाखवलं. ती तीच कविता पुन्हा वाचतेय, एक ओळ जोडून बघते म्हणाली. आणि विचारतेय, नानांच्या म्हशीचं पुढं काय झालं?

माणदेशी_गडी
गाभण हाय. ताईंचा पत्ता निरोपात धाडा, पुस्तक पाठीवतो. पुठ्ठा दोन घालतो.