अकरावी-बारावीच्या पोरांना गरिबाच्या घराच्या दुरुस्तीला न्यावं का?

डोंगरी_मास्तर:
कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावडा, शाहूवाडीकडं पाऊस किती पडतो हे इथं कुणाला सांगायला नको. मे महिन्यात घर शाकारलं नाही तर चार महिने गळक्या छपराखाली काढावे लागतात. ज्यांची पोरं मुंबई-पुण्याला गेली, किंवा ज्यांना कुणीच नाही, अशा म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीला १.२० लाख, डोंगरी भागात १.३० लाख मिळतात, पण ते नव्या घराला. फुटकी कौलं आणि किडलेला वासा बदलायला त्यातून काही मिळत नाही. म्हणून आम्ही कॉलेजची पोरं घेऊन वाडीवर जातो. एका घरात वाशाला बोट लावलं तर वाळवीनं आतून भुसा केलेला, वर नुसती साल राहिलेली. खाली चुलीजवळ म्हातारीचं अंथरूण. पोरांनी हे बघायला पाहिजे आणि त्याला हातही लावायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गवंड्याचा_थोरला:
मास्तर, हेतू चांगला आहे, पण मला हे अजिबात पटत नाही. माझे वडील छपरावर उभं आयुष्य चालले. जुन्या छपरावर पाय रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीवर, तोही खाली वासा असेल तिथंच द्यायचा असतो, मधे दिला की माणूस थेट खाली. सिमेंटचा पत्रा तर त्याहून वाईट. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, कापताना धूळ छातीत जाते. बांधकाम कामगार म्हणून सरकारी मंडळात नोंदणी १८ वर्षांच्या आत होत नाही, ती उगाच नाही. जे काम पैसे देऊन सांगायचं नाही, ते फुकटात कसं सांगता?
आणि शाकारणीचे चार दिवस म्हणजे वाडीवरच्या सुताराची पावसाळ्याआधीची कमाई. तुमची फौज आली की ती बुडाली.

पन्हाळा_पायथा:
राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास भरायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते भिंतीवर घोषणा रंगवण्यात जातात. त्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

शिरोळची_सून:
मी दुसऱ्या बाजूनं बोलते, ज्यांच्या घरात मदत येते त्यांच्या. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी होतं. कॉलेजची पोरं आली, घरातला गाळ घमेल्यानं उपसला, भांडी घासून दिली. ते उपकार आम्ही विसरणार नाही. पण नंतर आणखी एक गट आला. त्यांनी ओल्या भेंड्याच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या, भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. सासरे सांगत होते, भिंत वाळू द्या, पांढऱ्या मातीनं लिंपू. कुणी ऐकलं नाही. ओल आतच कोंडली आणि दिवाळीपर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटले. घरच्या माणसाला विचारायचं नसेल तर येऊच नका. आणि आमच्या न्हाणीचे फोटो कशाला पाहिजेत तुम्हाला?

डोंगरी_मास्तर:
ताई, तुमचं म्हणणं शब्दाशब्दानं खरं आहे. आमच्यात फोन गोळा करून पिशवीत ठेवतो आणि काय दुरुस्त करायचं ते घरची बाई सांगते.
थोरले, छपरावर पोरं चढतच नाहीत. वर वाडीवरचाच सुतार, रोजची मजुरी घेऊन. पोरं खाली कौलं पुसतात, फुटकी वेगळी काढतात, साखळी करून वर देतात, जोत्याजवळ पाणी साचू नये म्हणून चर मारतात. ज्या घरात मजुरी द्यायला पैसाच नव्हता, तिथं सुताराचं काम बुडालं कसं? उलट नवीन निघालं.

गवंड्याचा_थोरला:
मजुरी देत असाल तर कमाईचा मुद्दा मी मागं घेतो. पण मजुरी भरतंय कोण? पोरांच्या घरून वर्गणी काढत असाल, तर ज्या पोराचं स्वतःचं घर गळतंय तो काय देणार? तुमच्या वर्गात अशी पोरं असणारच. त्यांचं घर यादीत आलं तर वर्गासमोर त्यांनी मान वर कशी करायची?

डोंगरी_मास्तर:
वर्गणी घेत नाही, माजी विद्यार्थी पैसे देतात. वर्गातल्या पोराच्या घराचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. सध्या यादी ग्रामसेवक आणि अंगणवाडीताई करतात, आणि आम्ही जातो ते दुसऱ्या गावात.

गवंड्याचा_थोरला:
म्हणजे त्या पोराचं घर तसंच गळत राहणार. हे सोडवा, मग वडिलांना घेऊन मी स्वतः येतो. तोवर माझा विरोध कायम.

शिरोळची_सून:
त्यासाठी पोरं कशाला लागतात? उन्हाळी सुट्टीत सुतार पाठवा आणि पैसे परस्पर द्या. कुणाला कळायचं कारण नाही.