राडुकानूला ‘एका स्पर्धेची खेळाडू’ म्हणावे का?

ब्रिटिश टेनिसपटू एमा राडुकानूचे यश ही एका स्पर्धेपुरती चमक होती, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. २०२१ च्या अमेरिकन ओपनमध्ये १८ वर्षांची ही मुलगी पात्रता फेरीतून (मुख्य स्पर्धेत जागा मिळवण्यासाठीच्या आधीच्या सामन्यांतून) आली आणि सलग १० सामन्यांत एकही सेट न गमावता विजेती ठरली. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) एकेरी जिंकणे तोवर कोणाही स्त्रीला वा पुरुषाला जमले नव्हते. अंतिम सामन्यात ५-३ अशा आघाडीवर सर्व्हिस करत असताना चेंडूमागे घसरून तिचा गुडघा फुटला, खेळ थांबवून पट्टी बांधावी लागली, आणि ती परतली तेव्हा प्रतिस्पर्धी लैला फर्नांडेझकडे ब्रेक पॉइंट (राडुकानूच्या सर्व्हिसचा गेम जिंकण्याची संधी) होता. तो वाचवून तिने एसवर (प्रतिस्पर्ध्याला चेंडूला स्पर्शही करता येत नाही अशा सर्व्हिसवर) सामना संपवला. इतका खंबीरपणा निव्वळ नशिबाने येत नाही, असे मला मनापासून वाटते. प्रशिक्षक वारंवार बदलल्याचा दोष मीही तिला देतो. परंतु २०२३ मध्ये दोन्ही मनगटांवर आणि एका घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर, पुढच्याच वर्षी तिने विम्बल्डनची चौथी फेरी गाठली, याचीही नोंद तिच्या खात्यावर व्हायला हवी.